कॅप्टनच्या गाडीतला पडदा

कॅप्टनच्या गाडीत माणसं बसली तरी गाडी लगेच निघत नसे. आधी पडदा लागावा लागे. डॅशबोर्डच्या मधोमध, इतरांच्या गाडीत जिथे टेप असतो तिथे, वहीच्या अर्ध्या पानाएवढा एक टचस्क्रीन बसवलेला होता. तो उजळून त्यावर मराठी अक्षरांचे चौकोन उमटेपर्यंत कॅप्टन किल्ली पुढे फिरवत नसे. कारंजा स्टँडच्या बाहेर, डबे मांडीवर घेऊन, आम्ही अपडाऊन करणारी माणसं गाडीत बसून राहायचो. कुणाला शाळा गाठायची असे, कुणाला मालेगावचं कार्यालय, मला किन्हीराजाच्या पुढचं आरोग्य उपकेंद्र. मागून कुणीतरी वैतागून म्हणायचं, "चाल ना कॅप्टन, उशीर होऊन राह्यला." तो मान न वळवता सांगायचा, "डोळे उघडू द्या तिले. झोपेतून उठल्याबरोबर तुमी पळता का?"

मग चौकोन दिसायचे. ताप, धाव, पेट्रोल, गाणं, रस्ता. ही नावं त्यानेच दिलेली. 'ताप' म्हणजे इंजिनाची उष्णता आणि 'धाव' म्हणजे वेग. तो एकेका चौकोनावर बोट ठेवायचा आणि विमानात सांगतात तसं मोठ्यानं सांगायचा, "ताप बरोबर. पेट्रोल भरपूर. मंडळी बसली. निघतो." तो कधी विमानात बसला नव्हता, आम्हीही नव्हतो, पण त्यावरून त्याला कॅप्टन नाव पडलं ते कायमचं. त्याच्या बायकोलाही स्टँडवर सगळे कॅप्टनीणबाई म्हणत. तिला ते आवडायचं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

कारंज्याच्या कडेला त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. पहाटे गाडीच्या मागच्या सीटा काढून मेथी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरायचा आणि बाजारात पोचवायचा. परत येऊन सीटा बसवायच्या आणि स्टँडवर आम्हाला घ्यायला उभं राहायचं. सीटांना सांभाराचा वास कायम असे. मी बरीच वर्षं त्या वासात नोकरीला गेले. घरचं आवरून, सासूबाईंची औषधं काढून ठेवून, धावत स्टँडवर यायचं आणि पुढच्या सीटवर डोळे मिटून पडायचं. संध्याकाळी तेच उलट. त्या दिवसांचं मला फार काही आठवत नाही. दिवसच एकसारखे होते. आठवतो तो कॅप्टन.

हा पडदा त्याच्या डोक्यात कसा आला ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी गाडीत होते. वैशाखातली दुपार होती. माझ्या उपकेंद्राच्या गावातली एक बाई अडली होती. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, म्हणून मी कॅप्टनला फोन केला. तो लगेच आला. तिला घेऊन दवाखान्याकडे निघालो, पण अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. उष्णता दाखवणारा काटा कधीच मेलेला होता. पाणी संपत आलं तरी तो जागचा हलला नव्हता. रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली, सोबतच्या दोन बायकांनी लुगडी धरून केलेल्या आडोशात, मी ते बाळंतपण केलं. बाळ रडलं, आई शुद्धीवर राहिली. मी हात धुवायला गाडीजवळ गेले तेव्हा कॅप्टन चाकाला टेकून खाली बसला होता.

"सिस्टर," तो म्हणाला, "माणसाले ताप आला तं तुमी हात लावून पाह्यता. इले कोण पाह्यते? मी रोज हिच्यात बसतो आन मले पत्ता नाही."

मी म्हटलं, "काटा बदलून घ्या ना एक."

"काटा खोटं बोलला तं मी काय करू? मले आकडा पाह्यजे."

तिथून ते वेड सुरू झालं. हिंदी व्हिडिओ पाहून पाहून त्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कंप्युटर मागवला, हा पडदा मागवला, आणि स्टेअरिंगखालच्या खोबणीत लावायचा एक प्लग, जो इंजिनाची खबर त्या कंप्युटरला देतो. गावातल्या कंप्युटर क्लासच्या सरांकडे तो रोज संध्याकाळी जाऊन बसे. सरांना सगळंच येत होतं असं नाही आणि कॅप्टनला तर काहीच येत नव्हतं. दोघं मिळून चुका करत. टेपची जागा त्याने हॅकसॉ ब्लेडने वाढवली, ती वाकडी कापली गेली, म्हणून पोराच्या जुन्या पाटीची लाकडी चौकट काढून तिच्यात पडदा बसवला. पोरगा तोवर पुण्याला कंपनीत लागला होता.

पहिल्यांदा लावला तेव्हा चावी फिरवली की पडदा विझायचा. इंजिन सुरू होताना बॅटरीचा जोर क्षणभर कमी पडतो आणि कंप्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे समजायला त्याला एक उन्हाळा लागला. त्यावर वेगळी छोटी बॅटरी लावली, तर ती रोज उतरू लागली. उन्हात पडद्यावर काहीच दिसत नसे. त्यासाठी ट्यूबच्या रबराची झापड केली. आणि सगळं जमल्यावर बोटाचा घोळ निघाला. 'गाणं' दाबलं तर 'ताप' उघडायचा. सर म्हणाले, पडद्याला बोटाची जागा नव्याने शिकवावी लागते. ती कितीदाही शिकवली तरी काही दिवसांनी तो विसरायचा. शेवटी कॅप्टनने नाद सोडला आणि आम्हाला सांगून टाकलं, "एक बोट खाली दाबा. तो थोडा बहिरा हाये."

मग आम्ही सगळेच एक बोट खाली दाबायचो. नवीन माणूस बसला आणि त्याने नेमक्या चौकोनावर बोट ठेवलं की मागून तीन-चार जण एकदम सांगायचे, "खाली, खाली." घरी माझ्या मोबाईलवरही माझं बोट खाली पडायला लागलं होतं.

गाडीचा ताप असा जपणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र आडमुठा होता. त्याला शुगर होती. ती मीच शोधली, एकदा गाडीतच बोट टोचून. आकडा पाहून मी म्हटलं, "कॅप्टन, हे बरोबर नाही. गोळ्या चालू करा, आन चहा बिनसाखरेचा." तो गोळ्या घेई, चहा सोडेना. शेलूबाजारला गाडी थांबली की टपरीवरून गोड चहाचा कप आणायचा आणि माझ्याकडे पाठ करून प्यायचा. मळ्यात गेले की कॅप्टनीणबाई माझ्यापाशी कुरकुर करायच्या, "गाडीचा ताप रोज पाह्यतेत हे. सोताची साखर पाह्यली का कधी? तुमीच सांगा व बाई यायले." मी सांगायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, "तुमचं मीटर तुमच्याजवळ ठेवा, मायं गाडीत हाये." त्याचं खरं मीटर कुठलं होतं ते त्याला माहीत होतं, असं मला कधी वाटलं नाही.

पुढे पडद्यावरची अक्षरं मोठी होऊ लागली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. 'रस्ता' हा चौकोन गेला. विचारलं तर म्हणाला, "ह्या रस्त्याले नकाशा कायले लागते? गाडी सोताच जाते." मग 'गाणं' गेलं. मागच्या बाकावरच्या मास्तरांनी तक्रार केली, तर म्हणाला, "तुमीच म्हणा एखादं." उरलेल्या चौकोनांत आकडे एवढे मोठे झाले की शेवटच्या सीटवरूनही दिसायचे. आम्हाला वाटलं, हौस आहे, करत असेल. त्याला कायम काहीतरी खाटखूट करायची सवयच होती.

एके दिवशी गाडी चालू होताना पडद्यातून बाईचा आवाज आला, "पेट्रोल कमी हाये हो." सगळे दचकले, मग हसले. आवाज कॅप्टनीणबाईंचा होता. त्याने तिला समोर बसवून दहा-बारा वाक्यं बोलायला लावली होती आणि कंप्युटरमध्ये भरली होती. इंजिन तापलं की ती म्हणायची, "गरम झालं, थांबा थोडं." वेग वाढला की म्हणायची, "हळू चालवा." हे शेवटचं वाक्य तिने जरा रागातच म्हटलेलं होतं. संध्याकाळी भाजी घ्यायला मळ्यात गेले तेव्हा मी तिला चिडवलं. ती वांगी तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी बोलली तं ऐकत नाहीत. आता गाडीत बोलावतेत." पुढे बऱ्याच महिन्यांनी, अशीच भाजी घ्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, हे ताटातली मिरची बोटानं शोधून राह्यले आजकाल."

मी टोपली तिथेच ठेवली आणि पंपाच्या खोलीत गेले. कॅप्टन मोटरचं स्टार्टर उघडून बसला होता, चेहरा अगदी जवळ नेऊन. मी म्हटलं, "डोळे दाखवायचे आहेत. उद्याच." तो म्हणाला, "कायले? चष्म्याचा नंबर बदलला असन." मी म्हटलं, "नंबरनं साखर जात नाही." त्याने स्टार्टरचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हा हप्ता जाऊ द्या. मिरची तोडायची हाये. सोमवारी जातो, देवाशपथ."

त्याच्या आधी काही महिने त्याने मला गाडी शिकवायला घेतली होती. परतीच्या वाटेवर माणसं उतरून गेली, गाडी रिकामी झाली, की तो बाजूला घेऊन म्हणायचा, "बसा इकडे." मी थकलेली असायचे, डोकं दुखत असायचं. मी म्हणायचे, "मले काय करायचं शिकून? मायाजवळ सायकल नाही." तो म्हणायचा, "शिकून ठेवा. कामी येते." मला गिअर पडायचा नाही, गाडी गचके खात बंद पडायची. कधी ती एकदम पळायची, मग पडद्यातून ती आतली बाई "हळू चालवा" म्हणायची आणि तो बाहेर पाहत हसायचा. पण तो चिडला नाही कधी. शिकाऊ लायसन्स काढायलाही त्यानेच नेलं, आणि पुढे पक्कं लायसन्सही हातात आलं. घरी नवरा म्हणाला, आता हे काय नवीन? मी लायसन्स डब्याच्या पिशवीत ठेवून दिलं.

तो सोमवार यायच्या आधीची गोष्ट. सकाळ होती, आभाळ भरून आलेलं, उजेड मळकट. शेलूबाजार मागे पडलं होतं. गाडीत नेहमीची माणसं अर्धवट झोपेत होती. पुढे एक म्हातारा शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडून नेत होता. मी पाहिलं आणि वाटलं की कॅप्टनही पाहतोय, आता हळू करेल. त्याने केलं नाही. तो सरळ समोर बघत होता, नेहमीसारखा, आणि गाडी तशीच जात होती.

"कॅप्टन, शेळ्या," मी म्हटलं.

"कुठी?"

मी त्याच्या हातावर हात मारला. त्याने करकचून ब्रेक लावला. डबे खाली पडले, कुणाचं तरी वरण सीटवर सांडलं. गाडी आडवी होऊन थांबली. काचेच्या पुढे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक शेळी उभी होती. म्हातारा काठी उगारून आला, पण खिडकीतून कॅप्टनचा चेहरा पाहून त्याने काठी खाली केली आणि शेळ्या हाकत निघून गेला.

कॅप्टनने गाडी कडेला घेतली. ती त्याने हातांच्या सवयीने घेतली असावी. मग इंजिन बंद केलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, बोट ठेवलं, नेमकं एक बोट खाली. ताप बरोबर होता. तेवढा मोठा आकडा त्याला दिसत होता.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुमी इकडे या."

"मले जमणार नाही. एवढी माणसं हायेत."

"मले तं दिसतच नाही. तुमाले निदान दिसते."

त्याने दार उघडलं, उतरला, आणि गाडीला हात लावत लावत पुढून फिरून माझ्या बाजूला आला. मी त्याच्या जागेवर बसले. सीट माझ्यासाठी मागे होती, पाय पोचत नव्हते, ती पुढे ओढायला मास्तर खाली वाकले. उरलेला रस्ता मी चालवला. मला घाम फुटला होता. कॅप्टन पूर्ण वेळ कान लावून बसला होता आणि फक्त गिअर सांगत होता. "तिसरा टाका. आता सोडा. बरोबर." उपकेंद्रापुढे गाडी उभी राहिली तेव्हा मागच्या माणसांनी उतरताना त्याच्या खांद्याला हात लावला, एकेकाने, काही न बोलता. त्याला कोण कोण ते कळलं की नाही, माहीत नाही. तिथून मालेगावपर्यंत गाडी न्यायला मास्तरांनी गावातला एक ड्रायव्हर शोधून आणला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध टाकून बराच वेळ पाहिलं. साखरेने आतला पडदा खराब झाला आहे, असं त्यांनी सांगितलं. लेझर करू, उरलंय तेवढं वाचवू. गेलेलं येणार नाही. कॅप्टनीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कॅप्टन मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर बाकावर बसला आणि म्हणाला, "पाह्य ना. तो बाहेरचा पडदा सुधरवत बसलो मी."

बायको म्हणाली, "चला आता घरी."

तिने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना हात धरून चालताना पहिल्यांदा पाहिलं. बसमध्ये मी त्याला विचारलं, "मले गाडी शिकवत होते, तेव्हा माहीत होतं का तुमाले?" तो खिडकीकडे तोंड करून होता. म्हणाला, "होतं बी आन नवतं बी. आपल्याले जे पाह्याचं नसते ते आपण लय दिवस नाही पाहत, सिस्टर." मला वाटलं, हे मीही रोज करते.

गाडी विकली. घेणारा इंझोरीचा एक तरुण होता, त्याला भाजीपाल्यासाठीच हवी होती. पडदा पाहून तो म्हणाला, हे काढून टाका, मोबाईल हाये ना मायाजवळ. पोरगा पुण्याहून आला होता, त्याने स्क्रू काढले, वायरी कापल्या. कॅप्टन तेव्हा मळ्यात होता, मुद्दामच असावा. तो छोटा कंप्युटर, चौकट, रबराची झापड, सगळं एका पिशवीत बांधून कंप्युटर क्लासच्या सरांकडे गेलं. मुलांना दाखवायला बरं, असं ते म्हणाले.

मी काही दिवस दुसऱ्या गाडीने गेले. मग एसटीने जाऊ लागले. मग माझी बदली कारंज्यातच झाली. एवढी वर्षं जिच्यासाठी अर्ज करत होते ती बदली मिळाली आणि मला आनंद झाला नाही. नुसतं हलकं वाटलं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. पहाटे उठायची सवय राहिली, उठून करायचं मात्र काही नसे.

परवा, पुष्कळ दिवसांनी, मी मळ्यात गेले. कॅप्टन विहिरीजवळच्या बाजेवर बसला होता. केस सगळे पांढरे झालेले. हातात सांभाराची जुडी होती, ती तो चाचपून सुतळीने बांधत होता. पिवळी पानं त्याची बोटं वेगळी काढत होती, कशी ते मला कळलं नाही. मी बोलले तेव्हा त्याने मान वर केली.

"सिस्टर? बसा. चहा बिनसाखरेचा हाये आता, घाबरू नोका."

चहा झाला. बायकोने आमच्यापुढे मुरमुऱ्यांची वाटी ठेवली आणि ती वांग्यांकडे गेली. बोलायला फार काही नव्हतं. पोरगा, त्याची नोकरी, पाऊस नाही तिकडे. मग तो म्हणाला, "रस्ता कसा हाये आता? आपला, किन्हीराजाचा. मी तं गेलोच नाही."

मीही महिनोन्महिने गेले नव्हते. पण आठवलेलं आणि लोकांकडून ऐकलेलं मिसळून सांगू लागले. स्टँडवरून निघालो, पेट्रोल पंप मागे पडला. डाव्या हाताला संत्र्याची बाग, तिच्यातली अर्धी झाडं तोडली आता. पुढे पुलाचा कठडा नवा झाला, पिवळा रंग दिला. तुरी फुलावर आल्या आहेत, दोन्ही बाजूंनी. तो डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "वळण आलं, हळू." मी म्हटलं, "हळूच आहे." शेलूबाजारची टपरी सांगितली, ती तिथेच आहे, टपरीवाल्याचा पोरगा चालवतो आता. त्यापुढचा चढ सांगितला, चढावरचं बोरीचं झाड, उताराची शाळा. शेळ्यांच्या जागेपाशी मी जरा अडखळले. तो म्हणाला, "चाला, चाला." मी पुढे गेले. गावाची पाटी आली, हनुमानाचं देऊळ आलं, हापशी आली, आणि मग माझं उपकेंद्र, त्याचा निळा रंग आता उडालेला.

"आलं?" त्याने विचारलं.

"आलं."

त्याने सांभाराची जुडी बाजूला ठेवली, पाय सरळ केले आणि म्हणाला, "मंग उतरा. ड्युटीले उशीर होऊन राह्यला."

मी उतरले नाही. तशीच त्याच्या शेजारी बाजेवर बसून राहिले. मळ्यातून वांगी टोपलीत पडल्याचा आवाज येत होता.